"मोठी झाली की ठरवतील" एवढ्यावर भागत नाही

प्रश्न: मी हिंदू, नवरा कॅथलिक. मुलगी साडेसहा वर्षांची आहे, मुलगा दोन वर्षांचा. लग्न करताना आम्ही ठरवलं होतं की मुलांवर काही लादायचं नाही, मोठी झाली की ती ठरवतील. आता मुलगी विचारते, "आपण नक्की कोण?" सासूबाईंना दोघांचा बाप्तिस्मा हवाय. तो झाला नाही तर नातवंडांचं काय होईल या काळजीने त्या रडतात आणि लग्नाआधी नवऱ्याने चर्चमध्ये सही केलेल्या कागदाची आठवण काढतात. माझी आई म्हणते, आपल्यात सक्ती नसतेच, फक्त देवापुढे हात जोडायला शिकव. एका नातेवाइकांनी तोडगा काढलाय: मुलगी आईच्या धर्मात, मुलगा बापाच्या. आम्ही दोघं फार कर्मठ नाही, पण मुलांना श्रद्धेशिवाय वाढवायचंही नाही. काय करावं?
– एक आई

उत्तर:

"मोठी झाली की ठरवतील" हे तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते अर्धंच आहे. ठरवायला समोर काहीतरी असावं लागतं. ज्या मुलाने कधी प्रार्थनेला शांत बसून पाहिलेलं नाही, धर्माची एकही गोष्ट मन लावून ऐकलेली नाही, आई-बाप अडचणीत कुणाला हाक मारतात हे पाहिलेलं नाही, ते अठराव्या वर्षी निवड करत नाही. ते एकतर या सगळ्याकडे पाठ फिरवतं, नाहीतर पहिला जो कोणी प्रेमाने जवळ घेईल त्याच्या मागे जातं. धर्मात प्रवेश देणारा विधी पुढे ढकलता येतो. शिकवण पुढे ढकलता येत नाही, कारण तुम्ही दिली नाही तरी मूल ती घेतच असतं. आज्यांकडून घेतं, वर्गातल्या मैत्रिणींकडून घेतं, मोबाइलवरून घेतं.

तेव्हा आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. एका बाजूला मुलाला एखाद्या धर्मसमाजाचं सदस्य करणारे विधी. दुसऱ्या बाजूला बाकी सगळं: प्रार्थना, गोष्टी, गाणी, सण, मौन, दुसऱ्यासाठी काही देणं. दुसऱ्या बाजूचं काम या आठवड्यापासून सुरू करा. पहिल्या बाजूचं काही घाईने करू नका, आणि दोघांपैकी एकाने परस्पर तर मुळीच करू नका.

यात एक तिढा आहे आणि तो तुमच्या दोन्ही घरांत कुणी बोलून दाखवलेला दिसत नाही. कॅथलिक चर्चमध्ये आत येण्याचा एक स्पष्ट दरवाजा आहे, तो म्हणजे बाप्तिस्मा. हिंदू घरात तसा दरवाजा नाही. मूल जन्मलं, देवघरासमोर रांगलं की ते आपलंच. त्यामुळे तुमच्या आईला मनापासून वाटतं की आपण काहीच मागत नाही आहोत. सासूबाईंना तितक्याच मनापासून वाटतं की काही न करणं म्हणजे मुलं आपोआप हिंदू होणं. दोघीही आपापल्या जागी खरं बोलताहेत. "आमच्यात सक्ती नाही" हे ऐकायला तटस्थ वाटतं, पण त्याचा फायदा एकाच बाजूला मिळतो. हे तुम्ही स्वतःहून नवऱ्याजवळ कबूल करा. पुढची सगळी बोलणी त्याने सोपी होतील.

आता तो कागद. कॅथलिक व्यक्तीला बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चच्या परवानगीने लग्न करायचं असेल, तर १९८३ च्या चर्च कायद्याच्या कलम ११२५ प्रमाणे तिला वचन द्यावं लागतं. आपण आपल्या श्रद्धेपासून ढळणार नाही, आणि सर्व मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी आपल्याच्याने होईल ते सारं करू, असं ते वचन. कागद हाती घेऊन नीट वाचा. वचन तुमच्या नवऱ्याचं आहे, तुमचं नाही. तुम्हाला त्याची वेळेवर आणि पूर्ण कल्पना दिली जावी, एवढीच तुमच्याबाबतची अट आहे. १९१७ च्या जुन्या कायद्यात दोघांकडून हमी घेतली जायची. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी ती पद्धत बदलली. सासूबाईंच्या पिढीच्या मनात बहुधा ती जुनी रीतच पक्की बसलेली असते. शिवाय वचनाचे शब्द "होईल ते करीन" असे आहेत, "करूनच दाखवीन" असे नाहीत. समोर बायको आहे, तिचीही सदसद्विवेकबुद्धी आहे, हे ते शब्द गृहीत धरतात.

पण म्हणून तो कागद फडताळात टाकून मोकळं होता येत नाही. नवऱ्याने शब्द दिलाय आणि तो त्याला आतून टोचत असेल, तर "तू कुठे एवढा धार्मिक आहेस?" हे तुमच्या तोंडून आलेलं सगळ्यात वाईट उत्तर ठरेल. त्याला सरळ विचारा: "सही करताना तुझ्या मनात काय होतं? आज त्यातलं काय तुला पाळावंसं वाटतं?" आणि उत्तर मध्ये न तोडता ऐका. नंतर हवं तर दोघांनी मिळून पॅरिशच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चच्या, फादरना भेटा. एकट्याने नको आणि सासूबाईंना घेऊनही नको.

बाप्तिस्म्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. "आईला बरं वाटेल, करून टाकू" या कारणासाठी तो करू नये. चर्चच्या शिकवणीत बाप्तिस्मा एकदाच होतो, त्याची खूण आत्म्यावर कायमची उमटते. तो परत होत नाही आणि पुसताही येत नाही. इतकी पक्की गोष्ट कुणाची समजूत घालायला करणं हा त्या विधीचाच अपमान आहे. खुद्द चर्चलाही ते नको असतं. कलम ८६८ सांगतं की बाळाच्या बाप्तिस्म्याला किमान एका पालकाची संमती हवी आणि मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा हवी. ती आशा मुळीच नसेल तर विधी लांबणीवर टाकावा. उलट, तुम्ही दोघांनी विचार करून मुलं कॅथलिक म्हणून वाढवायची असं खरंच ठरवलंत, तर तो पूर्ण सन्मानाचा निर्णय आहे. मग तो उघडपणे आणि आनंदाने करा, आणि तुमच्या आईला तुम्ही स्वतः सांगा.

राहिली सासूबाईंची भीती. बाप्तिस्मा न होता गेलेली बाळं स्वर्गाबाहेर कुठेतरी, 'लिंबो' नावाच्या ठिकाणी राहतात, असं अनेक पिढ्यांना शिकवलं गेलं. तो चर्चचा बंधनकारक सिद्धांत कधीच नव्हता. १९९२ ची कॅथलिक प्रश्नोत्तरी, म्हणजे चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक, अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवते. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्र आयोगाने पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं त्यात म्हटलंय. हे सासूबाईंना त्यांच्या मुलाने सांगावं, आणि जमलं तर त्यांच्या विश्वासातल्या फादरच्या तोंडून त्यांच्या कानावर पडावं. सुनेने पुस्तक उघडून दाखवलं तर त्यांना तो वाद वाटेल. त्यांच्या रडण्यामागे नातवंडांची माया आहे, तिथे मुद्दे जिंकून काही हाती लागत नाही.

लगोलग एक सावधगिरी. मूल मरणाच्या दारात असेल तर कोणीही पाणी ओतून आणि ठरलेले शब्द उच्चारून बाप्तिस्मा देऊ शकतं, असं चर्च मानतं. हे ठाऊक असलेल्या काही आज्या धडधाकट नातवाला न्हाणीघरात गुपचूप बाप्तिस्मा देतात. तसं कळलं तर मुलांसमोर स्फोट करू नका. मुलाच्या रोजच्या जगण्यात त्याने काहीही बदललेलं नसतं. नवऱ्याने आईशी एकट्याने, त्याच आठवड्यात बोलावं, आणि फादरच्या कानावर घालावं. विधी ग्राह्य धरला जाऊ शकतो, आणि पुढे कधी प्रश्न निघाला तर त्यांना ते माहीत असलेलं बरं.

मुलगी तुमची, मुलगा त्यांचा, हा तोडगा मात्र मुळीच स्वीकारू नका. तो नवा नाही. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या १७९४ च्या कायद्यात नेमकी हीच वाटणी होती: मुलगे बापाच्या धर्मात, मुली आईच्या. नऊ वर्षांत, १८०३ मध्ये, ती मोडीत निघाली. कारण असं दिलं गेलं की या वाटणीने घरातला धर्मभेद कायमचा होतो आणि फूट पडते. लहान प्रमाणावर तुमच्या घरीही तेच होईल. बहीण-भावांची भांडणं होणारच, त्यात हे एक जास्तीचं हत्यार मिळेल. मुलीला वाटेल बाबांनी आपल्याला सोडून दिलं, मुलाला तेच आईबद्दल वाटेल. जे ठरवाल ते दोन्ही मुलांसाठी एकच ठरवा.

ठरवायचं कसं

मुलं झोपल्यावर किंवा घरात नसताना दोन बैठका करा. प्रत्येकी पाऊण तास, मध्ये आठवडाभराचं अंतर. पहिल्या बैठकीत निर्णय घ्यायचा नाही हा नियम. तिच्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर चार गोष्टी लिहायच्या: माझ्यासाठी सोडता न येणारं काय (जास्तीत जास्त तीन), झालं तर आवडेल असं काय, मला चालेल असं काय, आणि मला सहनच होणार नाही असं काय. बैठकीत कागद एकमेकांना द्यायचे आणि दुसऱ्याचा कागद मोठ्याने वाचायचा. आपला नाही. आपलीच ओळ जोडीदाराच्या आवाजात ऐकली की तिची धार वेगळी लागते.

इथे गाडी अडते ती बहुतेक एकाच ठिकाणी. माणसं लिहितात, "तिने आपली संस्कृती जपावी", "त्याची येशूवर श्रद्धा असावी". अशा वाक्यांवर तडजोड होऊच शकत नाही, कारण त्यात करायचं काय ते नसतं. प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: मूल दहा वर्षांचं होईल तेव्हा हे त्याच्या वागण्यात कसं दिसेल? मग "संस्कृती" उलगडत जाते. रोज संध्याकाळी दिव्याजवळ बसणं, रामायणाची गोष्ट ठाऊक असणं, आजीच्या पूजेत संकोच न वाटणं. "श्रद्धा" उलगडते. महिन्यातून दोनदा मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना), 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पाठ असणं, क्षमा मागायची सवय. अशा याद्या समोरासमोर ठेवल्या की बऱ्याच ओळींत भांडण नाहीच हे दिसतं. उरलेल्या दोन-तीन ओळींवर दुसरी बैठक खर्च करा.

अशा घरांत साधारण तीन वाटा निघतात. एक धर्म मुख्य आणि दुसऱ्याचा मान राखून ओळख. दोन्हींची पद्धतशीर शिकवण, प्रवेशविधी नंतर. किंवा कुठलाच संघटित धर्म नाही, फक्त मूल्यं आणि मौन. तिसरी वाट तुमच्यासाठी नाही, हे तुम्हीच लिहिलंय. दुसरी सगळ्यात गोड वाटते, पण तिला कष्टही सगळ्यात जास्त लागतात. दोघांनाही आपापला धर्म शिकवण्याइतका माहीत असावा लागतो. "मी फार कर्मठ नाही" म्हणणाऱ्या आई-बापांचं घोडं इथेच पेंड खातं, मुलीने तिसरा प्रश्न विचारला की उत्तर संपतं. ही वाट धरलीत तर आधी सहा महिने तुम्ही दोघांनी अभ्यास करा, आपल्याही धर्माचा आणि जोडीदाराच्याही. तेवढी तयारी नसेल तर पहिली वाट जास्त प्रामाणिक आहे.

रोजची पाच मिनिटं

वाट कुठलीही धरलीत तरी हे आजपासून करता येतं. रात्री झोपण्याआधी, रोज त्याच जागी बसायचं. दिवा किंवा मेणबत्ती मोठ्यांनी मुलीचा हात धरून लावायची. पाच सावकाश श्वास, गप्प. मग प्रत्येकाने आजच्या दिवसातली एक गोष्ट सांगायची जिच्याबद्दल "बरं झालं" असं वाटलं. एक, जिच्याबद्दल वाईट वाटतंय. आणि एका माणसाचं नाव, ज्याचं भलं व्हावं असं वाटतं. शेवटी एक प्रार्थना: तीन रात्री आईची, तीन रात्री बाबांची, सातव्या रात्री मुलगी म्हणेल ती. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. दोन वर्षांच्या मुलाला एक मिनिट पुरे, मग त्याने उठून खेळलं तरी चालेल.

प्रार्थना किमान दोन महिने तीच ठेवा. या वयाचं मूल अर्थाआधी लय आणि क्रम धरतं, रोज नवी दिली तर हाती काहीच लागत नाही.

हे मोडतं कशाने, तेही सांगतो. पहिल्या आठवड्यात उत्साहाने वीस मिनिटांचं केलं जातं, तिसऱ्या आठवड्यात मूल टाळायला लागतं आणि मग सगळंच सुटतं. दुसरं, "वाईट वाटतंय" याची खटल्यासारखी उलटतपासणी होते: "आज भावाला ढकललंस, ते का नाही सांगितलंस?" असं एकदा झालं की मूल तिथे पुन्हा खरं बोलत नाही. मोठ्यांनी आधी आपली चूक सांगावी, खरी आणि लहानशी. "आज घाईत मी तुझ्यावर उगाच ओरडले." तिसरं, बाबांच्या रात्री आई मोबाइल चाळते. जोडीदाराच्या प्रार्थनेच्या वेळी शांत बसायचं. विश्वास नसेल तर शब्द म्हणायचे नाहीत, पण उठून जायचंही नाही.

आणि दोन्हींची खिचडी करू नका. दोन प्रार्थनांच्या ओळी जोडून तिसरी बनवली, की ती कुणाचीच राहत नाही. ती म्हणणारा समाज नसतो, तिच्यामागे आजी-पणजीचा आवाज नसतो. "ही आईची, ही बाबांची" हे सहा वर्षांच्या मुलाला सहज कळतं. मोठ्यांनाच उगाच त्याची धास्ती वाटते.

प्रश्न आले की

"आपण नक्की कोण?" याचं उत्तर तुम्ही दोघांनी एकच ठरवून ठेवा, दोन वाक्यांत. "आई हिंदू आहे, बाबा ख्रिश्चन आहेत. आपल्या घरी आपण दोन्हींमधलं चांगलं शिकतो, आणि तू आमची आहेस." शेवटचे शब्द गाळू नका. मूल धर्माबद्दल विचारतं तेव्हा पुष्कळदा त्याला आपली जागा कुठे आहे तेच विचारायचं असतं.

उत्तराचा साचा ठेवा: "मी असं मानते", "बाबा असं मानतात". जोडीदाराचं मानणं इतक्या नीट सांगता यायला हवं की तो शेजारी बसून ऐकत असेल तरी मान हलवेल. पण लगेच "तुला कुणाचं पटतं?" असं विचारू नका. साडेसहा वर्षांच्या मुलीला तो प्रश्न श्रद्धेचा वाटत नाही, आई हवी की बाबा असा वाटतो. "तुला या गोष्टीतलं काय आवडलं?" हे मात्र कितीही वेळा विचारा.

"सगळे धर्म शेवटी एकच सांगतात" या वाक्याचा मोह टाळा. ते प्रेमाने म्हटलं जातं, पण नऊ-दहाव्या वर्षी मूल ते पकडतं. आई पुनर्जन्म म्हणते, बाबा पुनरुत्थान म्हणतात, आणि या दोन गोष्टी एक नाहीत. वागण्याबद्दल दोन्हींकडे पुष्कळ सारखं आहे, मरणानंतरच्या आणि देवाच्या स्वरूपाबद्दल नाही. "इथे आमचं जमत नाही, आणि तरी आम्ही एका घरात प्रेमाने राहतो," हे त्या वयात सांगण्याजोगं आहे.

मरणाबद्दलच्या प्रश्नात क्रम महत्त्वाचा. आधी वस्तुस्थिती: शरीर थांबलं, आता दुखत नाही, ते परत येणार नाहीत. मग मानणं. "झोपले", "गावाला गेले" म्हणू नका, काही मुलं त्यानंतर झोपायला घाबरतात. आणि "बाप्तिस्मा नाही म्हणून मी नरकात जाणार का?" असं तिने विचारलं, तर त्याच क्षणी, तिच्या डोळ्यांत पाहून "नाही" म्हणा. हे बाबांनी म्हणायचं. त्यांच्या धर्माच्या नावाने घातलेली भीती तुमच्या बोलण्याने जाणार नाही.

आज्यांना कोणी सांगायचं

प्रत्येकाने आपल्या आईशी बोलायचं, जावयाने किंवा सुनेने नाही. हा नियम मोडला की धर्माचा प्रश्न सासू-सुनेचा होतो आणि मग तो सुटतच नाही. दोन्ही आज्यांना आधी काय करता येईल ते सांगा: गोष्टी सांगा, गाणी शिकवा, तुमच्या पूजेला, तुमच्या मिस्साला घेऊन जा, फक्त आदल्या दिवशी आम्हाला सांगा. मग तीन गोष्टींना मनाई: भीती घालायची नाही, गुपित ठेवायला सांगायचं नाही, दुसऱ्या घराची निंदा करायची नाही. यात गुपित सगळ्यात घातक. "आईला सांगू नकोस हं" म्हणत खिशात घातलेलं पदक किंवा मनगटाला बांधलेला दोरा, वस्तू कुठलीही असो, मूल त्यातून एवढंच शिकतं की आपल्याच आईपासून लपवायचं असतं. असं घडलं तर ती वस्तू फेकू नका, ती कुणासाठी तरी पवित्र आहे. मुलीकडून प्रेमाने घेऊन तिच्यासमोरच आजीला मानाने परत द्या. पुढचे काही आठवडे भेटी तुमच्यापैकी एकाच्या उपस्थितीत होऊ द्या.

सणांबद्दल थोडक्यात: हिशेब मांडू नका. तुमचे किती, आमचे किती हे मोजायला लागलं की दोन्हीकडचे सण ओझं होतात. प्रत्येकाने वर्षातले आपले दोन सण निवडावे आणि त्यांची तयारी स्वतः पुढे होऊन करावी. दुसऱ्याने हाताखाली काम करावं.

दोन अवघड जागा आधीच बोलून ठेवा. एक, प्रसाद. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तीला वाहिलेल्या अन्नाची चर्चा आहे आणि काही ख्रिस्ती माणसं त्यामुळे प्रसाद घेत नाहीत, काही निःशंकपणे घेतात. नवरा यातलं काय मानतो आणि मुलांनी काय करायचं, हे थाळी समोर येण्याआधी ठरलेलं असावं. दुसरी, कम्युनियन, म्हणजे मिस्सात दिला जाणारा पवित्र भाकरीचा प्रसाद. बाप्तिस्मा न झालेल्या मुलीला ते मिळणार नाही. साधारण सात-आठ वर्षांच्या कॅथलिक मुलांचं फर्स्ट कम्युनियन होतं, म्हणजे बाबांसोबत मिस्साला जाणाऱ्या तुमच्या मुलीच्या मैत्रिणी लवकरच पांढऱ्या झग्यात रांगेत उभ्या दिसतील आणि ती बाकावर बसलेली असेल. तिला काही महिने आधी सांगा. त्या दिवशी बाबांनीही तिच्याजवळ बसून राहिलं तर तिला फार आधार वाटेल.

तिचा शब्द केव्हापासून धरायचा

अठराव्या वाढदिवसाला एकदम नाही. धर्मपरंपरांनीही वाढीच्या पायऱ्या ओळखल्यात. कॅथलिक कायद्यात समज येण्याचं वय सात. ज्यू परंपरेत धार्मिक जबाबदारी मुलीला बाराव्या वर्षी आणि मुलाला तेराव्या वर्षी. बहाई धर्मात श्रद्धेचा स्वतःचा निर्णय पंधराव्या वर्षी. जर्मनीच्या १९२१ च्या कायद्यातल्या पायऱ्या घरगुती वापरालाही सोयीच्या आहेत. धर्मशिक्षणाचा वाद कोर्टात गेला तर दहा वर्षांच्या मुलाचं म्हणणं ऐकायचं, बारानंतर त्याच्या इच्छेविरुद्ध त्याचा धर्म बदलायचा नाही, चौदानंतर त्याचं त्याने ठरवायचं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १४ ही त्याच दिशेचं आहे. मुलाला धर्मस्वातंत्र्य आहे, आणि आई-बापाने त्याच्या वाढत्या समजेच्या बेताने त्याला वाट दाखवायची आहे.

सात ते अकरा या वयात मूल गोष्टी शब्दशः घेतं आणि न्याय-अन्याय काटेकोरपणे तोलतं. देव प्रार्थना ऐकतो तर मांजर का मेलं, असे प्रश्न तेव्हा येतात. बारानंतर ते तुमचा ढोंगीपणा शोधतं. स्वतः कधी न बसणारे आई-बाप त्याला बसायला सांगतात, हे त्याला तेव्हा दिसतं. त्या वयात रात्रीची पाच मिनिटं ऐच्छिक करा, पण तुमची चालू ठेवा.

मध्ये काही बिघडतंय का, याकडे लक्ष असू द्या. मुलगी एकाच गोष्टीबद्दल आईला एक आणि बाबांना दुसरं सांगते. एखाद्या आजीकडे जायच्या आदल्या रात्री पोट दुखतं. प्रार्थना लपून करते. नरकाची, पापाची स्वप्नं पडतात. असं दोन-तीन आठवडे चाललं तर धर्माच्या सगळ्या बाहेरच्या भेटी काही काळ थांबवा, घरचा रात्रीचा क्रम तेवढा ठेवा, आणि मुलांच्या समुपदेशकाला भेटा. समुपदेशक निवडताना पहिल्याच फोनवर विचारा की मिश्रधर्मी कुटुंबांसोबत काम केलंय का. दोघांपैकी एकाच्या धर्मगुरूला या कामासाठी नेमू नका, तो कितीही भला असला तरी.

ठरलेलं सगळं एका पानावर लिहा, दोघांच्या सह्या करा, तारीख टाका. वर्षातून एकदा ते पान काढून वाचा. त्या पानावर एक कलम हमखास राहून जातं, ते आत्ताच घाला: आपल्यापैकी एक जण अचानक गेला, तर मागे राहिलेला दुसऱ्याचा वाटा चालू ठेवेल का, आणि कुणाच्या मदतीने? तुम्ही नसाल तर मुलांना तुमची प्रार्थना कोण शिकवणार, नवरा नसेल तर मिस्साला कोण नेणार, गेलेल्याचे अंत्यविधी कोणत्या रीतीने होणार आणि मुलं त्यात कुठे उभी राहणार. नावं लिहा. त्या माणसांना आज विचारून ठेवा, आणि दोन्ही आज्यांना त्या कलमाची एकेक प्रत द्या.